घरी बसून शिकणाऱ्या मुलाने इतिहास कोणता वाचावा?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. वक्ते पनवेल येथे माध्यमिक शिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)



कार्यकारिणीने मला दिलेला विषय कागदावर लहान दिसतो. शाळेत न जाता घरी राहून दहावीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी इतिहास आणि साहित्य हे विषय कसे निवडावेत, कोणती पुस्तके धरावीत, यावर बोला, असे सेक्रेटरी साहेबांनी सांगितले. गणित आणि इंग्रजीसाठी अशा भाषणाची गरज पडत नाही. त्यांच्या शिकवण्या पनवेलमध्ये गल्लोगल्ली आहेत. इतिहासाची शिकवणी मात्र मी अजून कोठे पाहिली नाही. घरी शिकणाऱ्या मुलाच्या हातून सर्वांत आधी गळणारा विषय हाच आहे.

ही घरी शिकणारी मुले कोण, हे आपणांस सांगायला नकोच. पाचवी-सहावीनंतर हिफ्ज करण्यासाठी मदरशात गेलेला आणि हाफिज होऊन चौदा-पंधराव्या वर्षी घरी परतलेला मुलगा. सातवी-आठवीनंतर हायस्कूल दूर पडते म्हणून, किंवा घरातील आजारपणामुळे, शाळा सुटलेली मुलगी. वडिलांची कुवेत-मस्कतची नोकरी संपल्यामुळे भर वर्षात गावी आलेली भावंडे. अमेरिकेत आईबाप आपल्या मर्जीने मुलांना घरी शिकवतात, त्यासाठी तयार अभ्यासक्रम विकत मिळतात, त्यांची आपसांत तुलना चालते. आपल्याकडे बहुतेक वेळा ही मर्जी नसते, परिस्थिती असते. तरी निवड करावी लागतेच, आणि ती घाईत होते.

घरचे शिक्षण कमी दर्जाचे, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. मौलाना अबुल कलाम आझाद १८८८ साली मक्केत जन्मले आणि कलकत्त्यात वाढले. त्यांचे सारे शिक्षण वडील आणि घरी येणारे उस्ताद यांच्याकडे झाले. वडिलांना नव्या पद्धतीची विद्या मान्य नव्हती. सर सय्यद यांचे लेखन मौलानांनी पुढे स्वतः मिळवून वाचले आणि नव्या विद्येकडे ते आपल्या पायांनी गेले. हाच मुलगा १९४७ साली स्वतंत्र भारताचा पहिला शिक्षणमंत्री झाला. डेप्युटी नझीर अहमद यांना आपल्या मुलींना घरी वाचायला द्यावे असे पुस्तक मिळेना, तेव्हा त्यांनी ते स्वतः लिहिले. तीच १८६९ ची 'मिरात-उल-उरूस' ही कादंबरी. सरकारने तिला एक हजार रुपयांचे इनाम दिले. म्हणजे घरी शिकणाऱ्या मुलीसाठी साहित्याचा अभ्यासक्रम कसा असावा, हा प्रश्न आपल्या समाजात दीडशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता.

आता आजच्या गोष्टीकडे येतो. गेल्या वर्षी एक वडील माझ्याकडे आले. मुलगा हाफिज, वय पंधरा, हुशार. त्यांचा पहिला प्रश्न होता, "सर, सर्वांत सोपे विषय कोणते?" मी म्हटले, "चाचा, त्याला पुढे काय करायचे आहे?" ते म्हणाले, "ते नंतर बघू. आधी दहावीचा कागद हातात येऊ दे."

हा कागद आपल्याकडे मुख्यतः दोन वाटांनी मिळतो. एक वाट आपल्या राज्य मंडळाची. लोक तिला "१७ नंबरचा फॉर्म" म्हणतात. वयाची १४ वर्षे पुरी आणि किमान पाचवी उत्तीर्ण असेल तर मुलगा खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसतो. त्याला एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. तेथे अंतर्गत गुणांचे काम करावे लागते. पेपर मात्र शाळेतल्या मुलांचेच. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, तिला आपण एन.आय.ओ.एस. म्हणून ओळखतो. १९८९ साली ती राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली आणि २००२ साली आजचे नाव मिळाले. तेथे पाच विषय पुरतात, वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. सुटलेला विषय सुटलेलाच राहतो, तो पुन्हा द्यावा लागत नाही. उशिरा सुरुवात करणाऱ्या मुलाला ही मोठी सवलत आहे.

पण याच सवलतीत एक खाच आहे. राज्य मंडळात समाजशास्त्रे सक्तीची आहेत, तेथे इतिहास टळत नाही. मुक्त विद्यालयात पाच विषय आपण निवडायचे. भाषा किमान एक, जास्तीत जास्त दोन, आणि बाकीचे आपल्या पसंतीचे. सामाजिक विज्ञान न घेता चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषय घेऊन मुलगा दहावी उत्तीर्ण होऊ शकतो. या विषयांना मी नावे ठेवत नाही. ज्याला चित्रकलेची आवड आहे त्याने ती जरूर घ्यावी. पण इतिहास टाळण्यासाठी ती घेतली जाते, आणि अर्ज भरून देणारे लोकही तसाच सल्ला देतात, हे मी पाहतो आहे.

टाळला तर काय बिघडते? एक तर रोजीरोटीचे बिघडते. आपल्या मुलांना पोलीस भरतीला जायचे असते, लोकसेवा आयोगाच्या परीक्षा द्यायच्या असतात. भरतीच्या लेखी परीक्षेत सामान्य ज्ञान आहे, मराठी व्याकरण आहे. मैदानी चाचणीत पुढे असलेला मुलगा तेथे मागे पडतो. पण मला याहून दुसरी काळजी अधिक वाटते. आपण इतिहास शिकवला नाही म्हणून मुलाच्या डोक्यातली ती जागा रिकामी राहत नाही. मोबाईलवरून रोज कोणी ना कोणी ती भरत असतो. एक जण सांगतो की आपले पूर्वज सर्व दुनियेचे मालक होते, दुसरा सांगतो की ते फक्त लुटारू होते. दोघेही पुरावा देत नाहीत. ज्या मुलाने एकही इतिहासाचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेले नाही तो एका संदेशाने फुगतो, दुसऱ्याने चिडतो, आणि चिडलेल्या अवस्थेत स्वतःही काहीतरी पुढे पाठवतो. त्याचे परिणाम घरच्यांना कधी कधी पोलीस चौकीत बसून भोगावे लागतात. मी अधिक बोलत नाही, आपण समजून घ्यावे.

तेव्हा इतिहास घ्यायचाच, हे धरून चालू. प्रश्न राहतो तो पुस्तकाचा. येथे पालकांची एक फसगत होते, ती नीट सांगतो.

पाचवीनंतर शाळा सुटलेला मुलगा दहावीला बसणार म्हटल्यावर वडील बाजारातून दहावीचे 'इतिहास व राज्यशास्त्र' आणि एक गाईड आणून त्याच्यापुढे ठेवतात. मुलगा पहिला धडा उघडतो. २०१८ साली आलेल्या या पुस्तकाचा पहिला धडा इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर आहे. त्यात व्होल्टेअर आहे, हेगेल आहे, रांके आहे, मार्क्स आहे, मिशेल फुको आहे. पुढचे धडे उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन यांवर. पुस्तक वाईट नाही. इतिहास कसा लिहिला जातो हे शाळेतच मुलांना कळावे, हा विचार मला पसंत आहे. पण ते पुस्तक लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले आहे की मुलाने मागच्या इयत्तांत गोष्ट वाचलेली आहे. सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग आणि मराठ्यांचा काळ, आठवीत इंग्रजांचा अंमल आणि स्वातंत्र्यलढ्यापासून महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीपर्यंत, नववीत १९६० नंतरचा भारत. घरी बसलेल्या मुलाच्या या साऱ्या पायऱ्या गेलेल्या असतात. गोष्ट माहीत नसताना ती लिहायची कशी, याचा धडा त्याच्यापुढे येतो. मग तो गाईड पाठ करतो. पासही होतो. त्याला विचारा की १८५७ आधी की १९४२ आधी, तर तो आपल्या तोंडाकडे पाहतो.

म्हणून माझे सांगणे असे की पहिले सहा महिने दहावीचे पुस्तक कपाटात राहू द्यावे. सातवी, आठवी, नववी ही तीन पुस्तके क्रमाने, गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचावीत. प्रश्नोत्तरे लिहायची नाहीत. रोज एक धडा वाचायचा आणि संध्याकाळी तो घरात कोणाला तरी तोंडी सांगायचा. अम्मी शिकलेली नसली तरी चालेल. किंबहुना ती शिकलेली नसेल तर अधिक बरे, कारण तिला समजावे म्हणून मुलाला नीट सांगावे लागते. बालभारतीची सर्व पुस्तके तिच्या ई-बालभारती संकेतस्थळावर उर्दूतही आणि मराठीतही फुकट उतरवून घेता येतात. एक सावधगिरी घ्यावी. नवा अभ्यासक्रम वर्गावर्गाने येऊ लागला आहे. तेव्हा ज्या वर्षी परीक्षा द्यायची त्या वर्षी कोणते पुस्तक लागू आहे हे संपर्क केंद्रावर विचारून मगच दहावीचे पुस्तक घ्यावे.

मुक्त विद्यालयाचे सामाजिक विज्ञानाचे पुस्तक याबाबतीत सोपे आहे. त्यात प्राचीन जग, मध्ययुगीन जग, आधुनिक जग आणि मग इंग्रजी राजवट व राष्ट्रीय चळवळ अशी गोष्ट एका ओळीत येते. ते उर्दू माध्यमातही आहे. ज्याचा पाया कच्चा आहे आणि वय वाढलेले आहे त्याला मी हेच सुचवतो. ज्याच्या हातात दोन वर्षे आहेत आणि ज्याला पुढेही महाराष्ट्रातच राहायचे आहे त्याने १७ नंबरची वाट धरावी. त्याचे मोठे कारण भाषेचे आहे, त्याकडे पुढे येतो.

पाठ्यपुस्तकाने इतिहासाचा सांगाडा मिळतो. त्यात जीव यायचा तर मुलाने एक तरी घटना जवळून पाहिली पाहिजे. मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी १८५७ निवडतो, आणि का ते सांगतो. या एका घटनेवर आपल्याला उर्दूत आणि मराठीत असे दोन साक्षीदार मिळाले आहेत की इतिहास आणि साहित्य हे दोन्ही विषय एकाच वेळी शिकून होतात.

उर्दूतला साक्षीदार मिर्झा ग़ालिब. १८५७ साली ते दिल्लीत होते. त्यांचा भाऊ त्याच धामधुमीत वारला. नंतरच्या वर्षांत त्यांनी मित्रांना आणि शागिर्दांना जी पत्रे लिहिली त्यांत कोणती गल्ली पडली, कोण मारले गेले, कोण शहर सोडून गेले, पेन्शन कशी बंद झाली, हे सारे समोर बसून बोलावे तसे येते. ग़ालिबच्या ग़ज़ला पंधरा वर्षांच्या मुलाला जड जातात, पत्रे जात नाहीत. 'ऊद-ए-हिंदी' आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' या नावांनी ती १८६८-६९ मध्ये छापून आली. आज शालेय निवडीही मिळतात. आता गंमत पाहा. याच ग़ालिबने त्याच दिवसांवर 'दस्तंबू' नावाची रोजनिशी फारसीत लिहिली आणि ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती जावी म्हणून १८५८ साली छापली. तीतला सूर वेगळा आहे. माणूस एक, शहर एक, दिवस तेच, पण वाचणारा बदलला तेव्हा लिहिणेही बदलले. ही गोष्ट मुलाला एकदा उमगली की दहावीच्या पहिल्या धड्यातील रांके आणि फुको त्याला मग इतके परके वाटत नाहीत.

मराठीतला साक्षीदार तर आपल्या जिल्ह्यातलाच. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज होते. मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, म्हणून ते काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन गर्दीत सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते झाशीत होते. लुटले गेले, उपाशी राहिले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. पैसा म्हणावा तसा हाती लागला नाही. या सर्वांची हकीकत त्यांनी बऱ्याच वर्षांनंतर लिहून काढली. 'माझा प्रवास' या नावाने ती १९०७ साली छापली गेली, तीही संपादक चिंतामणराव वैद्य यांनी फेरफार करून. मूळ लेखनाबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली काढली. पनवेलहून पेण किती लांब आहे? आपल्यापैकी कित्येकांच्या सोयरिकी तिकडे आहेत. पण उर्दू शाळेतल्या आपल्या मुलांना गोडसे भटजींचे नाव ठाऊक नसते, आणि मराठी शाळेतल्या मुलांना ग़ालिबची पत्रे ठाऊक नसतात. घरी शिकणारा आपला मुलगा दोन्ही वाचू शकतो. त्याला घंटा नाही, तासिका नाही. शाळेतल्या मुलाला न मिळणारी ही एक गोष्ट त्याच्याकडे आहे, आणि ती आपण वाया घालवतो.

आठवीच्या पुस्तकातला १८५७ चा धडा, दहा-बारा पत्रे आणि 'माझा प्रवास', यांना दोन महिने द्यावेत. वहीत प्रत्येक साक्षीदाराच्या नावाखाली तीन गोष्टी लिहाव्यात. याने स्वतः काय पाहिले, ऐकीव काय सांगितले, आणि किती वर्षांनी व कोणासाठी लिहिले. उत्तर मोठे लागत नाही. दोन ओळी पुरेत.

हीच तीन प्रश्नांची सवय आपल्या आवडत्या गोष्टींनाही लावावी लागेल, याची पालकांनी तयारी ठेवावी. फातिमा शेख यांचे नाव आपल्या शाळांतून मोठ्या आदराने घेतले जाते आणि मीही घेतो. २०२५ च्या जानेवारीत त्या होत्या की नव्हत्या असा मोठा वाद उठला. त्या वेळी आमच्या काही विद्यार्थ्यांना फार राग आला. मी म्हटले, रागावू नका, कागद शोधा. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचा उल्लेख आहे. आपल्या मागे शाळेचे काम फातिमेवर पडते, ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा भाव आहे. एवढे आपल्या हाती आहे, आणि ते थोडे नाही. पण भाषणात आपण जन्मतारीख ठोकून सांगतो ती कोणत्या कागदावरून आली, हे विचारले तर आपण गप्प होतो. जेवढा पुरावा तेवढेच बोलावे. असे बोलणाऱ्याला सहजी कोणी खोटे पाडू शकत नाही.

आपल्या पायाखालचा इतिहासही या अभ्यासात आला पाहिजे, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली आपल्या पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे जन्मले. अखेरच्या काळात त्यांनी रोहिल्यांशी संधान बांधले होते, ही गोष्ट मुलांनी शोधून वाचण्यासारखी आहे. आजच्या उरण तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. महाडला १९२७ साली २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरात तेथेच दुसरी परिषद भरवायची तर मंडपाला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. आणि अगदी अलीकडचे म्हणाल तर १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण भागात जमिनीच्या प्रश्नावर झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाच जण शहीद झाले. ते पाहिलेले लोक अजून आपल्यात आहेत. सिडको १९७० साली आली, विमानतळाचे उद्घाटन २०२५ साली झाले. या पंचावन्न वर्षांत कोणाची शेती गेली, कोणाची मिठागरे गेली, कोणाच्या घरी काय आले, हे आपल्या दादाजानना विचारून मुलाने लिहून काढावे. नववीच्या पुस्तकात मौखिक साधने म्हणून जे सांगितले आहे ते हेच.

जगाच्या इतिहासासाठी एकच पुस्तक सुचवतो. जवाहरलाल नेहरूंनी १९३० ते १९३३ या काळात तुरुंगातून आपल्या मुलीला जवळपास दोनशे पत्रे लिहिली. पहिली पत्रे लिहिली तेव्हा इंदिरा तेरा वर्षांची होती. बाप तुरुंगात, मुलगी बाहेर, आणि हाताशी ग्रंथालय नाही. घरी शिकवण्याचा याहून अवघड प्रसंग कोणता? त्यांत अरब आहेत, बगदाद आहे, कॉर्डोबा आहे, चीन आहे, रशिया आहे. हिंदीत ते 'विश्व इतिहास की झलक' या नावाने मिळते. सगळे वाचायची गरज नाही. आठवड्याला दोन पत्रे वाचली तरी वर्षात शंभर होतात. आणि मस्कतला असलेल्या वडिलांनी त्यावरून आठवड्याला एक पत्र मुलाला लिहायचे मनावर घेतले, तर किती बहार होईल!

आता भाषा आणि साहित्य. येथे मी थोडे स्पष्ट बोलणार आहे.

आपल्या घरात बहुतेकांची बोली कोकणी. ती मराठीची सख्खी बहीण आहे. पण मुलगा उर्दू शाळेत गेला की त्याला वाटू लागते, मराठी ही दुसऱ्यांची भाषा. आणि मराठी शाळेत गेला की उर्दू फक्त आजोबांच्या कपाटात राहते. मुक्त विद्यालयाच्या अर्जावर दोनच भाषा बसतात, तेव्हा उर्दू आणि इंग्रजी लिहिली जाते आणि मराठी सुटते. महाराष्ट्रात राहून, तलाठ्याच्या दाखल्यापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत सारे कागद मराठीत येत असताना, ही निवड मुलाला अर्धे मुके करते. राज्य मंडळात तीन भाषा असतात. उर्दू माध्यमाचा मुलगा मराठीसाठी 'अक्षरभारती' वाचतो. मराठी प्रथम भाषा घेणाऱ्याला 'कुमारभारती' असते आणि तिची पातळी वरची आहे. १७ नंबरची वाट मला पसंत आहे ती यासाठी. ज्यांना मुक्त विद्यालयच सोयीचे आहे त्यांनी अर्जावर दोन भाषा लिहाव्यात, पण तिसरीचे वाचन घरात चालू ठेवावे.

साहित्याचा अभ्यास म्हणजे कवीचे पूर्ण नाव आणि कवितेचा मध्यवर्ती विचार पाठ करणे, ही समजूत गाईडांनी करून दिली आहे. पाठ्यपुस्तकात धडे तुकड्यातुकड्यांनी असतात, त्याला इलाज नाही. म्हणून वर्षात निदान चार पुस्तके अखंड वाचावीत, दोन उर्दू आणि दोन मराठी. उर्दूत 'मिरात-उल-उरूस' मुलींनी जरूर वाचावी आणि अकबरी-असग़री यांच्याविषयी भांडावे. सर्व शहाणपण असग़रीकडेच का, असे एका विद्यार्थिनीने मला विचारले होते. मला तो प्रश्न फार आवडला. प्रेमचंदांच्या कथा सोप्या आहेत, आणि ते आधी उर्दूत लिहीत असत हे मुलांना सांगावे. आपल्या जिल्ह्यातल्या जंजिऱ्याच्या बेगम नाझली रफिया यांनी १९०८ च्या युरोप प्रवासावर 'सैर-ए-यूरोप' हे उर्दू पुस्तक लिहिले. मिळाले तर त्यातली चार पाने तरी पाहावीत. मौलाना आझादांचे 'गुबार-ए-ख़ातिर' अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत लिहिले गेले, पण त्याची भाषा कठीण आहे. ते आत्ता नको.

मराठीत साने गुरुजींची 'श्यामची आई' आपल्या कोकणातली. ती तुरुंगात लिहिली गेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झाली. याच गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवरही प्रेमाने पुस्तक लिहिले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मुलींच्या हाती द्यावी. लग्नानंतर घरात बसून अक्षर ओळखायला शिकलेल्या बाईने हे पुस्तक लिहिले, आणि मराठी गद्यात त्याच्या तोडीचे फार थोडे आहे. हमीद दलवाई यांच्या मतांवर आपल्यात तीव्र मतभेद आहेत आणि ते राहतील. पण कोकणातल्या मुसलमान गावाचे चित्र मराठी कादंबरीत पाहायचे असेल तर त्यांची १९६५ ची 'इंधन' आहे. मी ती दहावीनंतर वाचायला सांगतो. मराठीत आपले कोण, असे विचारणाऱ्या मुलाला सतराव्या शतकातले श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा 'योगसंग्राम' यांची माहिती द्यावी, शाहीर अमर शेख यांचे नाव सांगावे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. मराठीच्या घरात आपण पाहुणे नाही, हे कळायला एवढे पुरे.

काही माता विचारतील, हे सगळे करायला वेळ कोठे आहे? मुलीला घरकाम असते, मुलाला दौर असतो. हाफिज मुलाबद्दल मी खात्रीने सांगतो की त्याची स्मरणशक्ती आणि बैठक शाळेतल्या मुलाहून पक्की असते. त्याला सवय नसते ती आपल्या शब्दांत लिहिण्याची. म्हणून रोज दहा ओळी लिहायला लावाव्यात. आज काय वाचले, त्यातले काय पटले, काय पटले नाही. शुद्धलेखन नंतर सुधारते. सकाळी दौर, दुपारी गणित-इंग्रजी, आणि असर ते मग़रिब हा वेळ इतिहास व भाषेचा, असे एका घरात चालते. तेथे मोठी आपा धाकट्या भावाला शिकवते आणि शिकवता शिकवता तिने स्वतः १७ नंबरचा फॉर्म भरला आहे.

शेवटी कामाच्या चार गोष्टी. रायगड जिल्हा मुंबई विभागीय मंडळात येतो आणि त्याचे कार्यालय वाशीला आहे. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेसाठी १७ नंबरचा अर्ज आदल्या वर्षीच ऑनलाईन भरावा लागतो. मुदत मंडळ जाहीर करते, ती गेली की विलंब शुल्क वाढत जाते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. मदरशात जाताना तो बहुतेकांनी काढलेलाच नसतो, किंवा घर बदलताना हरवलेला असतो. तो मिळवायला वेळ लागतो, म्हणून पुस्तकांच्या आधी दाखल्याच्या मागे लागावे. जुन्या शाळेत अर्ज कसा लिहायचा हे ज्यांना कळत नसेल त्यांनी रविवारी जोहरनंतर संस्थेच्या वाचनालयात यावे, मी तेथे असतो. येताना मुलाला बरोबर आणावे. विषय कोणते घ्यायचे हे त्याच्यासमोरच ठरवू.

खुदा हाफिज.